मसाज थेरपिस्ट व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी हे काम करते आणि आता नव्या मुलामुलींना शिकवतेही. वर्गात पहिल्या दिवशी जे प्रश्न येतात, तेच फोनवर येतात, तेच कोर्स संपल्यावर पुन्हा येतात. म्हणून एकदा सगळे एकत्र लिहून काढले. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे घाईने सांगून भागत नाही.

मालिश, मसाज थेरपी आणि फिजिओथेरपी यांत नेमका फरक काय?

हातांची क्रिया बऱ्याच अंशी तीच असते: चोळणं, चेपणं, मळणं, रगडणं, थोपटणं. एकोणिसाव्या शतकात याच क्रियांना एफ्ल्युराज, पेट्रिसाज, फ्रिक्शन, टॅपोटमाँ अशी फ्रेंच नावं मिळाली आणि ती आजही जगभरच्या वर्गांत शिकवली जातात. त्या वर्गीकरणाचं श्रेय योहान मेत्सगर या डच डॉक्टरांना देतात.

फरक पडतो तो हात लावण्याआधी. थेरपिस्ट माहिती विचारतो, आजार आणि औषधं लिहून घेतो, कुठे हात लावायचा आणि कुठे नाही ते ठरवतो, काय केलं आणि काय फरक पडला त्याची नोंद ठेवतो. फिजिओथेरपिस्टचं शिक्षण वेगळं आणि मोठं असतं. दुखापतीची तपासणी, व्यायामाची आखणी, पुनर्वसन हे त्यांचं क्षेत्र. निदान करणं मसाज थेरपिस्टचं काम नाही. क्लायंट कितीही आग्रहाने विचारो, ‘तुमची नस दबली आहे’ असं आपण म्हणायचं नाही.

मी अंगाने बारीक आहे, हातात जोर नाही. जमेल का?

जमेल. माझ्या वर्गातली सर्वांत चांगली मुलं बहुतेक वेळा दणकट नव्हती. दणकट माणूस खांद्याच्या आणि अंगठ्याच्या जोरावर काम रेटतो आणि त्याचं शरीर कुरकुरायला लागेपर्यंत त्याला आपली चूक कळत नाही. बारीक माणसाला पहिल्या आठवड्यातच कळतं की नुसत्या हातांनी हे होणार नाही, मग तो अंगाचं वजन वापरायला शिकतो.

करून बघा. टेबलाशी एक पाय पुढे, एक मागे असे उभे राहा. मागची टाच जमिनीवर. कोपर सरळ पण ताठ नाही. आता ढकलू नका, फक्त पुढच्या पायावर कला. तळहाताखाली जो दाब येतो तो तुमच्या वजनाचा आहे, दंडाचा नाही. मनगट, कोपर आणि खांदा एका रेषेत असतील तर तो दाब हाडांतून जातो आणि स्नायू मोकळे राहतात. थांबायचं झालं तर मागच्या पायावर या, दाब आपोआप उतरतो.

यात टेबलाची उंची फार मोठा वाटा उचलते. टेबलाशेजारी सरळ उभं राहून हात खाली सोडले की मुठीची पेरं टेबलाला टेकावीत, इथून सुरुवात करा. खोल दाबाचं काम असेल किंवा क्लायंट अंगाने जाड असेल तर टेबल आणखी खाली घ्या. टेबल उंच राहिलं की खांदे कानाकडे चढतात आणि संध्याकाळपर्यंत मान धरते.

कोर्स किती काळाचा असतो? परवाना लागतो का?

तुम्ही कुठे काम करणार यावर ते ठरतं, आणि देशादेशांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जपानमध्ये अनमा (तिथली पारंपरिक मालिश), मसाज आणि शिआत्सू (बोटांनी दाब देण्याची जपानी पद्धत) यांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. न्यूयॉर्कमध्ये किमान १,००० तासांचं शिक्षण लागतं, तर अनेक राज्यांत त्याहून बऱ्याच कमी तासांवर परवाना मिळतो. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर सक्तीची नोंदणीच नाही, स्वेच्छेने नोंदणी करता येते.

म्हणून फी भरण्याआधी दोनच गोष्टी तपासा. जिथे काम करायचं आहे तिथे कायदा काय मागतो, आणि हा कोर्स तिथे चालतो का. दुसरं उत्तर संस्थेकडून घेऊ नका, परवाना देणाऱ्या कार्यालयाकडूनच घ्या. दुसऱ्या देशात जायचा विचार असेल तर शिकलेल्या प्रत्येक विषयाचे तास लेखी मागून घ्या. पुढे तेच कागद मोजले जातात.

चांगला कोर्स ओळखायचा कसा?

एखादा वर्ग चालू असताना मागे बसू द्या म्हणून विचारा. आत गेल्यावर शिक्षकाकडे कमी आणि विद्यार्थ्यांकडे जास्त बघा. दर विद्यार्थी प्रत्यक्ष टेबलावर किती वेळ काम करतो? शिक्षक त्यांच्या पायांची, पाठीची ठेवण सुधारतो का, की फक्त हातांकडे बघतो? आणि शिक्षक स्वतः टेबलावर झोपून विद्यार्थ्याचा हात अंगावर अनुभवतो का? दाब योग्य आहे की नाही हे लांबून दिसत नाही. ज्या वर्गात शिक्षक कधीच झोपत नाही तिथे शिकणं अर्धवट राहतं, असं माझं ठाम मत आहे.

व्हिडिओ बघून शिकता येतं का, हाही प्रश्न याच्याच पोटातला. शरीररचना शिकता येते, हातांचा क्रम लक्षात ठेवता येतो. स्पर्श शिकता येत नाही.

शरीररचना खरंच पाठ करावी लागते?

हो, आणि त्याला इलाज नाही. शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत. सगळे नाही, पण मुख्य स्नायू कुठून निघतात, कुठे जोडले जातात, कोणती हालचाल करतात आणि त्यांचे तंतू कोणत्या दिशेने धावतात हे यायलाच हवं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत चालणाऱ्या एमब्लेक्स परीक्षेत १०० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि त्यांत शरीररचना, हालचालींचं शास्त्र, आजार, मसाज कधी टाळायचा, क्लायंटची पाहणी, नीतिनियम असे विषय येतात. हाताचं कसब त्या परीक्षेत तपासलंच जात नाही.

पुस्तकातलं चित्र हातात उतरवायला एक युक्ती सांगते. स्नायू शोधताना समोरच्याला ती हालचाल करायला लावा. मानेच्या बाजूचा जाड पट्टा सापडत नसेल तर त्याला मान एका बाजूला वळवायला सांगा. उलट्या बाजूला कानामागून छातीच्या मधल्या हाडापर्यंत तो दोरीसारखा उभा राहतो. एकदा बघितला की चित्र पुन्हा उघडावं लागत नाही. फक्त तो बघा, दाबू नका. कारण पुढे येतंच.

आधी कोणती पद्धत शिकू?

स्वीडिश. तीत तेलावर चालणारे मूळ सगळे हात आहेत आणि बाकीच्या बऱ्याच पद्धतींचं व्याकरण तीच शिकवते. त्यानंतर वर्षभर काम करा आणि तुमच्याकडे कोण येतं ते बघा. खेळाडू येत असतील तर स्पोर्ट्स मसाज, शस्त्रक्रियेनंतर सूज असलेले येत असतील तर १९३० च्या दशकात एमिल आणि एस्ट्रिड वॉडर यांनी विकसित केलेली लिम्फ ड्रेनेजची, म्हणजे साठलेला लसिकाद्रव वाहता करण्याची पद्धत. तिचा स्पर्श इतका हलका असतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला काही होतच नाही असं वाटतं. जमिनीवर गादी घालून कपड्यांवरून करायचं काम आवडत असेल तर थाई पद्धत, जिची युनेस्कोने २०१९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

दर महिन्याला नवं प्रमाणपत्र घेत सुटू नका.

मसाज कधी करायचा नाही?

या पानावरचं दुसरं काही नाही वाचलंत तरी चालेल, हे वाचा.

ताप असेल तर नाही. त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, ताजं फ्रॅक्चर, नुकताच लचकून सुजलेला सांधा, तिथे नाही. मानेचा पुढचा भाग, काख, कोपराची आतली बाजू, जांघ, गुडघ्याची मागची खळगी इथे रक्तवाहिन्या आणि नसा वरवर असतात. तिथे खोल दाब द्यायचा नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हलका हात, नाही तर दुसऱ्या दिवशी निळे डाग दिसतात. गरोदर बाईला कुशीवर झोपवून, उशांचा आधार देऊन काम करायचं, आणि त्याचं वेगळं शिक्षण घेतल्याशिवाय करायचं नाही.

आणि पोटरी. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ लांबच्या विमानप्रवासानंतर आले. म्हणाले, ‘डाव्या पोटरीत गोळा आलाय, जरा जोरात रगडून द्या.’ मी दोन्ही पोटऱ्यांना हातांच्या मागच्या बाजूने स्पर्श केला. डावी गरम होती. मोज्याच्या रबराचा वळ उजव्या पायावर पुसट होता आणि डाव्यावर खोल रुतलेला. मी हात काढून घेतला आणि सांगितलं की आज मसाज होणार नाही, तुम्ही आत्ता इथूनच डॉक्टरांकडे जा. ते चिडले. वेळ ठरवून, गाडी काढून आले होते, राग येणारच. संध्याकाळी त्यांचा फोन आला. शिरेत रक्ताची गुठळी निघाली होती. अशी गुठळी रगडल्याने सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जाऊ शकतो.

एकाच पायाला सूज, तोच गरम, दाबल्यावर दुखतो, आणि त्याआधी लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा बरेच दिवस अंथरुण. हे एकत्र दिसलं की हात मागे. मी विद्यार्थ्यांना ‘नाही’ म्हणण्याचा सराव मोठ्याने करून घेते, तो याचसाठी.

कॅन्सरच्या रुग्णाला मसाज दिला तर आजार पसरतो का?

मसाजमुळे कॅन्सर पसरतो ही भीती जुनी आहे, पण तिला पुरावा नाही. अनेक रुग्णालयांत रुग्णांना हलका मसाज दिला जातो आणि त्यांना त्याने बरं वाटतं. मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, गाठ आणि रेडिएशनची जागा सोडून, आणि त्या कामाचं शिक्षण घेतल्यावरच. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला खोल दाब द्यायचा नाही.

‘मसाजने शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडतात’ असं क्लायंटला सांगू का?

नका सांगू. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. व्यायामानंतर साठलेलं लॅक्टिक ॲसिड आपण बाहेर काढतो, हेही खरं नाही. व्यायाम थांबल्यावर तासाभरात ते शरीर स्वतःच निपटून टाकतं. दुसऱ्या दिवशीचं अंगदुखणं वेगळ्या कारणाने असतं.

जे खरं आहे ते पुरेसं मोठं आहे. ताण उतरतो, दुखणं काही काळ कमी होतं, व्यायामानंतरचं अंग थोडं कमी ठणकतं, अनेकांना झोप चांगली लागते. ज्या बाईने दोन महिन्यांनी सलग सहा तास झोप घेतली, तिला विषद्रव्यांची गोष्ट ऐकवायची गरज नसते. मसाज झाल्यावर पाणी जरूर द्या. तासभर पडून राहिल्यावर तहान लागतेच.

दिवसाला किती क्लायंट घेता येतात?

पूर्ण तासाचे चार, फार तर पाच. सुरुवातीला तीन. दोन सेशनच्या मध्ये किमान पंधरा मिनिटं हवीत. त्यात चादर बदलायची, नोंद लिहायची, हात कोपरापर्यंत धुवायचे, दोन घोट पाणी प्यायचं आणि बोटं उलटी ताणायची.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. कामाच्या तिसऱ्या वर्षी मी दिवसाला सात-सात जण घेत होते आणि सगळं खोल काम अंगठ्याने करत होते. एका सकाळी बरणीचं झाकण फिरवायला गेले आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ आली की बरणी हातातून सुटली. अंगठ्याच्या मुळाचा सांधा खोगिरासारखा असतो. सगळ्या दिशांना फिरावा म्हणून तो असा आहे, दिवसभर वजन पेलावं म्हणून नाही. मला अडीच महिने काम बंद ठेवावं लागलं, आणि ज्यांना माझी सवय झाली होती त्यांतले बरेच जण दुसरीकडे गेले.

परत आले तेव्हा पुढच्या हाताने, म्हणजे कोपर आणि मनगट यांच्या मधल्या मांसल भागाने काम करायला नव्याने शिकले. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू, मांडीची मागची बाजू, पोटरी, हे सगळं त्याने उत्तम होतं. अंगठा आता मी शोधायला वापरते, दाबायला नाही. अगदीच दाबावं लागलं तर दुसऱ्या हाताची बोटं त्यावर ठेवून आधार देते. हे पहिल्या दिवसापासून करा.

परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा संकोच वाटतो. तो जातो का?

जातो, आणि तो जाण्यात चादरीचा वाटा फार मोठा आहे. नियम एकच: ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी सगळं झाकलेलं. पाय उघडताना चादरीची कड दुसऱ्या मांडीकडून आत घेऊन मांडीखाली नीट खोचायची, म्हणजे ती सरकत नाही. क्लायंट कपडे काढताना आणि घालताना तुम्ही खोलीबाहेर. किती काढायचे ते त्याने ठरवायचं. आत येताना दार वाजवायचं.

काय करणार आहात ते आधी सांगा, आणि पोट, नितंब, छातीजवळचा भाग यांसाठी वेगळी परवानगी घ्या. ती मिळाल्यावरही मधेच ‘नको’ आलं तर ताबडतोब थांबा. कारण विचारू नका.

क्लायंट गैरवागला तर?

लगट करणारा शब्द असो, हात असो, तिथेच थांबायचं. दोन पावलं मागे या आणि म्हणा, ‘हे सेशन मी इथेच संपवते आहे. तुम्ही कपडे घाला, मी बाहेर आहे.’ आवाज चढवायचा नाही, समजूत घालायची नाही, दुसरी संधी द्यायची नाही. हे वाक्य आरशासमोर उभं राहून पाठ करा, कारण त्या क्षणी शब्द सापडत नाहीत. नंतर घडल्या वेळेसह नोंद लिहा. पुरुष थेरपिस्टनाही हे लागू आहे, त्यांनाही असे प्रसंग येतात.

नोकरी घेताना मुलाखतीतच विचारा: ‘मी सेशन मधेच थांबवलं तर तुम्ही काय कराल?’ उत्तर देताना मालक चाचरला तर ती जागा तुमची नाही, पगार कितीही असो.

घरचे म्हणतात, ‘हे कसलं काम?’ त्यांना काय सांगू?

वाद घालू नका. त्यांच्यापैकी एकाला टेबलावर झोपवा. माहिती लिहून घेण्यापासून सुरुवात करा, सगळं नियमाने करा. माझ्या घरी माझ्या मोठ्या आत्याचा विरोध होता. तिच्या आखडलेल्या खांद्यावर मी अर्धा तास काम केलं. त्यानंतर ती काही बोलली नाही, फक्त वेणी घालायला हात वर घेतला आणि तो किती वर जातोय ते बघत राहिली.

नोकरी करू की स्वतःचं सुरू करू?

आधी नोकरी, निदान वर्षभर. स्पा, हॉटेल, क्रूझ जहाज, खेळाडूंचा संघ, दुखण्यावर उपचार करणारं क्लिनिक, ऑफिसांत जाऊन खुर्चीवर मसाज देणाऱ्या कंपन्या, अशा बऱ्याच वाटा आहेत. वेगवेगळ्या अंगांवर हात पडणं हा तुमचा खरा अभ्यास.

पैशाचं बोलताना आकडा ऐकून भुलू नका. पैसे टेबलावरच्या तासाचेच मिळतात की पूर्ण पाळीचे? क्लायंट आलाच नाही तर? चादरी धुणं, तेल, विमा कोणाकडे? स्वतःचं काम असेल तर टेबलावरच्या प्रत्येक तासामागे फोन, धुणं, हिशेब यांत जाणारा वेळही दरात धरा. आणि आठवड्याच्या कमाईला बावन्नने गुणू नका. हातांना सुट्टी लागते, ती वजा करून गुणा.

सुरुवातीला काय सामान घ्यावं?

दणकट, उंची बदलता येणारं टेबल आणि चेहऱ्यासाठी पाळणा, म्हणजे पालथं झोपल्यावर चेहरा टेकवायची मधे पोकळ असलेली गादी. इथे पैसे वाचवू नका, करकरणाऱ्या टेबलावर कोणी सैल सोडून झोपत नाही. चादरींचे सहा-सात जोड, गुडघ्याखाली ठेवायला लोड, बिनवासाचं तेल. बदामाचं तेल वापरत असाल तर सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का ते प्रत्येकाला विचारा.

एक गोष्ट फारच कमी जणांना ठाऊक असते. तेलाच्या चादरी नीट न धुता गरम ड्रायरमध्ये वाळवल्या आणि गरम असतानाच घडी करून एकावर एक रचल्या, तर तेलाचं ऑक्सिडेशन होऊन आतल्या आत उष्णता वाढते आणि गठ्ठा आपोआप पेट घेऊ शकतो. तेल काढणारा साबण वापरा, आणि चादरी पूर्ण गार झाल्याशिवाय रचू नका.

वय चाळीसच्या पुढे आहे. उशीर झाला का?

नाही. मोठ्या वयात येणाऱ्यांना ऐकून घेता येतं आणि ते घाई करत नाहीत. गुडघे, मनगटं तपासून घ्या आणि दिवसाला कमी क्लायंट धरा.

डोळ्यांनी दिसत नाही, तरी हे काम करता येईल?

नक्की. जपानमध्ये दृष्टिहीन लोक शतकानुशतकं अनमाचं काम करत आले आहेत आणि आजही दृष्टिहीनांच्या शाळांत त्याचं रीतसर शिक्षण मिळतं. त्वचेवरचे बदल बघायला आणि अर्ज भरून घ्यायला मदतनीस लागेल, ती व्यवस्था आधीच करा.

पहिल्या क्लायंटच्या वेळी हात थरथरले तर?

थरथरतील. आत जाण्याआधी नखं बघा, तळहात डोळ्यांसमोर धरला तर बोटांच्या वर नख दिसता कामा नये. हात कोमट पाण्याखाली धरून गरम करा. आत गेल्यावर लगेच तेल घेऊ नका. चादरीवरूनच एक हात पाठीच्या वरच्या भागावर आणि दुसरा कमरेवर ठेवा, आणि तसेच राहा. त्याचा श्वास तळहाताखाली वर येतो, खाली जातो. तीन श्वास मोजा. तिसऱ्या श्वासापर्यंत बहुतेक वेळा त्याचे खांदे थोडे खाली बसतात आणि तुमचेही. मग विचारा, ‘टेबल ठीक आहे ना? थंडी वाजत नाही ना?’ आणि चादर दुमडा.